बैठक की बसणं?



व्यसनमुक्ती सप्ताहात साहेब लोक करतात तसलं भाषण मला करायचं नाही. मी सूतगिरणीत रिंग खात्यात साचे चालवतो. कॉलेजची पायरी चढलो ती कविता वाचायला, शिकायला नाही. तरी होस्टेलातल्या आपल्या पोरांशी माझं रोजचं उठणंबसणं आहे. आणि त्यातल्या 'बसण्या'वरूनच मला आज भांडायचंय.

आपल्यात आता दोन शब्द चालतात. बैठक आणि बसणं. बैठक सहा वाजता, बसणं रात्री दहाला. बैठकीत ठराव होतात, निर्णय बसल्यावर होतात. मोर्चा कुठून काढायचा, बोलायला कोणाला उभं करायचं, जयंतीचा हिशेब कोणाकडं द्यायचा, हे सगळं क्वार्टर फुटल्यावर ठरतं. जो पीत नाही त्याला दुसऱ्या दिवशी नुसतं कळवतात. पोरींना तर तेही नाही. सहाच्या बैठकीत ज्या पोरी आपल्यापेक्षा नीट बोलतात, त्या दहाच्या बसण्याला येऊ शकत नाहीत. त्यांच्या होस्टेलचं दार तोवर बंद झालेलं असतं. वर तुम्हीच म्हणता, मुली चळवळीत टिकत नाहीत. टिकतील कशा? चळवळच उचलून तुम्ही खंब्याच्या बुडाशी नेऊन ठेवली.

जो पीत नाही त्याला काय म्हणतात ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. 'घे की लेका! जयभीमवाला हायस का बामन झालास?'

याचं उत्तर एकदाच देतो. सोवळं दुसऱ्याच्या स्पर्शाला भितं. मी तुझ्या शेजारी बसतो, तुझ्या ताटात जेवतो, फक्त तुझा ग्लास घेत नाही. यात सोवळं कुठं आलं? वेदांतले देव सोमरस पीत होते, तेव्हा पिणं ही काही बंडखोरी नव्हे. न पिण्याची परंपरा आपली आहे. जोतिराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा १८८० साली त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९७२ च्या सुमारास शहादा भागात भिल्ल बायकांनी दारूचे गुत्ते फोडले. त्यांना कोण बामनीण म्हणणार? आणि १४ ऑक्टोबर १९५६ चं नागपूर तर घराघरात पाठ आहे. पंचशीलातलं पाचवं शील दारू सोडायला सांगतं. बावीस प्रतिज्ञांतली एक प्रतिज्ञा तेच सांगते. त्या प्रतिज्ञा जयंतीला माईकवर म्हणायच्या आणि माईक बंद झाला की मांडवामागं जायचं, याला काय नाव देऊ?

कोणी म्हणेल, मग सरकारकडं दारूबंदी मागा. नाही मागणार. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात बाबासाहेबांनी सरकारी दारूबंदीला विरोधच केला होता. महसूल बुडतो, हा मुद्दा. आणि पाच वर्षांनी त्यांनीच आपल्या माणसांकडून न पिण्याची प्रतिज्ञा घेतली. मला यात विसंगती दिसत नाही. एक काम पोलिसाच्या दांडक्याचं, दुसरं माणसाच्या मनाचं. दांडक्यानं काय होतं ते आपण बघितलंय. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आजही जिवंत आहे आणि त्याच कायद्याखाली सरकार दुकानांना परवाने देतं! दारूला वय २५ पुरं लागतं, सौम्य बिअरला २१. म्हणजे होस्टेलात बसलेले बहुतेक सगळे कायद्याच्या बाहेर. पण धाड पडली की बड्या बापाचा पोरगा फोन लावतो आणि सुटतो. आपल्या पोराची खाट जाते, शिष्यवृत्ती अडकते, आणि 'यांचं असंच' हे वाक्य सगळ्या वस्तीला चिकटतं. बाटली एक, बिलं दोन.

ग्लासला ग्लास लागला की जात जाते म्हणतोस. ज्यानं तुझ्या ग्लासला ग्लास लावला त्याच्या आईच्या स्वैपाकघरात गेलायस कधी? आमच्या हातचं पाणी बाटत होतं. १९२७ ला महाडात ओंजळभर पाण्यासाठी आपल्या माणसांची डोकी फुटली. दारूच्या दुकानात मात्र आमचा पैसा कधी बाटला नाही. जिथं आपल्याला इतक्या सहज आत घेतात, तिथं आपल्याकडून काय काढून घेतात ते बघ.

आता म्हणशील, बापजादे पीतच होते. होते. माझा बाप माग चालवायचा. पगाराच्या दिवशी आई कारखान्याच्या फाटकाशी उभी राहायची. भाकरी द्यायला नाही, पैसे हातात घ्यायला. मी बापाला दोष देत नाही. बारा तास मागाची खडखड ऐकून माणूस बधिर होतो, मग त्याला बधिर व्हायचंच औषध गोड लागतं. गटारात उतरणारा शुद्धीत उतरवत नाही म्हणून पितो. २०१३ ला कायदा झाला तरी त्याला उतरवतातच. त्याला मी शील शिकवणार नाही, आधी त्याला गटारातून वर काढा. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. ती गरिबांचीच वस्ती. त्यांना हसणारा माझा कोणी नाही.

पण तू गटारातून येत नाहीस, लायब्ररीतून येतोस. तुझं दुःख खोटं नाही. वर्गात आडनाव विचारतात, तोंडी परीक्षेत मार्क कापतात, मला ठाऊक आहे. त्या दुःखाची धार हीच तुझी पुंजी आहे. ती रोज रात्री बोथट करशील तर सकाळी कशानं लढशील? कवीला लागतेच म्हणतात. मी तिसरी पाळी करून कविता लिहितो. मला झोप लागते, दारू लागत नाही.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. बसून ठरलेलं काही ठरलं असं मानू नका. ते सहाच्या बैठकीत पुन्हा मांडा, पोरींसमोर मांडा. जयंतीच्या वर्गणीतला एक रुपया दारूच्या दुकानात जाऊ देऊ नका. स्वाधार योजनेचा हप्ता आला की पार्टी मागणाऱ्याला पुस्तक मागायला शिकवा. जो पितो त्याला हाकलू नका. ज्याला सुटतच नाही तो आजारी आहे, त्याला उपचाराला न्या. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून तेच काम करतंय. आणि जो पीत नाही त्याला बामन म्हणायच्या आधी बावीस प्रतिज्ञा एकदा म्हणून दाखवा.

बैठकीला या. सहा वाजता. चहा माझ्याकडून.

जयभीम.