समासातील दुरुस्ती

आपल्या व्यवसायात नोंदीचे मोल औषधाहून कमी नाही, हे विधान कोणीही वैद्य अमान्य करणार नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करण्याचे आणि मागणी होताच ७२ तासांच्या आत देण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले. नोंदी झटकन सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर नेण्याचा प्रयत्न करावा, असेही तीत सुचविले आहे. वह्यांचे गठ्ठे कपाटात गेले आणि संगणक टेबलावर आला. मात्र संगणकातील नोंद शोधावी कशी आणि बदलावी कशी, या प्रश्नाचा आपण पुरेसा विचार केला आहे, असे मला वाटत नाही.

संगणकीय रुग्णयादी तिच्या मूळ रूपात बहुधा साधी मजकुराची फाइल असते, किंवा तशी काढून घेता येते. एका ओळीत एक रुग्ण. क्रमांक, नाव, जन्मतारीख, गाव, रक्तगट, वर्ज्य औषधे ही माहिती स्वल्पविरामांनी विभागलेली. अशा फाइलीतून हवी ती ओळ काढणे आणि तेवढीच बदलणे हे काम संगणकशास्त्रात जुने आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७७ साली आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन या तिघांनी खास याच कामासाठी एक छोटी आज्ञाभाषा रचली. तिघांच्या आद्याक्षरांवरून ती ‘ऑक’ म्हणून ओळखली जाते. ती आजही वापरात आहे. तेव्हा साधने दुर्मीळ नाहीत. दुर्मीळ आहे ती शिस्त.

प्रथम शोधाचे पाहू. आपल्या भागात एकाच गावाला दोन नावे आहेत. एक लिपिक ‘पेडणे’ लिहितो, दुसरा ‘पर्नेम’; एकाची ‘डिचोली’, दुसऱ्याची ‘बिचोली’. रोमी अक्षरांत तर गोंधळाला पारावार नाही. शिरोडकर हे आडनाव जुन्या पोर्तुगीज धाटणीत ‘एक्स’ने सुरू होते, इंग्रजी धाटणीत ‘एस’ने, कामतांचे ‘कामोतिम’ होते. माणूस हे सारे एकच समजतो. यंत्र अक्षरे जुळवते, माणसे नव्हे. पेडण्यातील मधुमेही रुग्णांची यादी मागितली आणि ‘पर्नेम’वाले सगळे वगळले गेले, तर यंत्र तक्रार करीत नाही, ते शांतपणे अपुरी यादी पुढे करते. डिचोलीच्या खाणपट्ट्यातील श्वसनविकारांचा अभ्यास उद्या कोणी करू म्हणेल, तर अशा अपुऱ्या यादीवरून काढलेला निष्कर्ष किती विश्वसनीय ठरेल?

बदलण्याचे काम याहून नाजूक. समजा, एका रुग्णाचे नाव ‘राम’ नसून ‘रमेश’ आहे. ‘सर्वत्र शोधा व बदला’ ही कळ दाबली की तुकाराम, सखाराम, शांताराम आणि परशुराम या सर्वांचे नामकरण एका क्षणात पार पडते. पत्त्यात ‘देऊळवाडा, पेडणे’ असा जादा स्वल्पविराम आला आणि तो अवतरणचिन्हांत नसला, तर पुढील रकाने एकेक घर सरकतात. रक्तगटाच्या जागी गाव येते आणि वर्ज्य औषधाच्या जागी रक्तगट. पेनिसिलिनची ॲलर्जी अशा रीतीने रकाना चुकली, तर तिचा परिणाम कागदावर राहत नाही.

मोठ्या यंत्रणाही यातून सुटलेल्या नाहीत. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या दैनिक आकड्यांतून कोविडचे १५,८४१ रुग्ण सुटले होते. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत, एवढेच त्याचे कारण. त्यांच्या संपर्कातील माणसांचा शोध त्यामुळे लांबला.

यावर उपाय आपल्याच घरात आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याने पंधराव्या कलमात एक सुंदर रीत घालून दिली: चुकीची नोंद दुरुस्त करायची ती समासात, मूळ नोंदीला हात न लावता, सही व तारखेसह. गोव्याला ही कल्पना नवी नव्हती. पोर्तुगीज अमदानीतील नागरी नोंदणीतही मागाहून झालेले फेरफार मूळ नोंदीच्या कडेला लिहिले जात. वारसाहक्कापासून नागरिकत्वापर्यंतचे प्रश्न ज्या वह्यांवर सुटतात, त्यांचा विश्वास या समासावर उभा आहे. पूर्वी काय लिहिले होते, काय बदलले, कोणी आणि केव्हा, हे सारे तेथे एका दृष्टिक्षेपात दिसते.

संगणकालाही हीच शिस्त लावता येते, आणि ती लावावी असे माझे आग्रहाचे मत आहे. नोंद नावाने नव्हे, रुग्णक्रमांकाने शोधावी आणि जन्मतारखेने पडताळावी. रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी, हा नियम आपण रक्त देताना पाळतोच. जुळणारी ओळ नेमकी एकच सापडली तरच पुढे जावे. शून्य किंवा दोन सापडल्यास आज्ञावलीने थांबावे. ओळीतील ठरलेल्या रकान्यातच बदल करावा. मूळ फाइल तशीच ठेवून बदललेली प्रत निराळ्या नावाने लिहावी. दोन्ही प्रतींतील ओळी मोजाव्यात आणि फरक फक्त एकाच ओळीत आहे ना, हे पाहावे. शेवटी जुना मजकूर, नवा मजकूर, तारीख आणि बदलणाऱ्याचे नाव वेगळ्या फाइलीत नोंदवावे. तोच आपला समास.

‘एवढा वेळ कोणाकडे आहे?’ असे कोणी विचारील. हे सारे एकदा लिहिलेली वीस-पंचवीस ओळींची आज्ञावली निमिषार्धात करते. ती डॉक्टरांनी स्वतः लिहावी असे नाही. घरोघरी संगणक शिकलेली मुले आहेत. पण ती कोणत्या अटींवर चालावी हे ठरविणे मात्र डॉक्टरांचेच काम आहे, कारण नोंदीखालची जबाबदारी त्यांची आहे. संगणक विकणाऱ्याला आपण किंमत विचारतो. ‘जुना मजकूर कोठे राहतो?’ हेही विचारावे. त्याचे उत्तर ‘तो पुसला जातो’ असे असेल, तर ती व्यवस्था दवाखान्याच्या कामाची नाही.

रुग्ण आपल्याकडे देह सोपवितो, तसाच आपला इतिहासही. त्या इतिहासात दुरुस्ती अवश्य व्हावी. खाडाखोड मात्र होऊ नये.