सहा पायांचा गृहपाठ

झुरळ दिसलं की आम्ही मध्यमवर्गीय माणसं आधी खुर्चीवर चढतो आणि मग चप्पल शोधतो. अशा आमच्या घरात परवा एक खोकं आलं. आत झुरळ होतं. रोख अडीच हजार रुपये मोजून आणलेलं!

नातू सातवीत आहे. शाळेनं प्रकल्प दिला होता : 'कीटकापासून प्रेरणा घेऊन यंत्रमानव बनवा.' प्रेरणा खोक्यात मिळते हे मला नवीन होतं. सहा पाय, दोन मोटारी, बॅटरीची डबी आणि पुडीभर स्क्रू. दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं घेऊन आम्ही वडगाव रासाईला भावाकडे गेलो. भीमेकाठचं गाव, चहूकडे ऊस. माहितीपत्रक तेवढं पुण्यातच राहिलं.

नातवानं अंदाजानं पाय जोडले. कळ दाबली की ते यंत्र एका बाजूचे तिन्ही पाय एकदम उचली आणि त्याच कुशीवर लोळण घेई. मी दोन सूचना केल्या. मग ते दोन्ही कुशींवर लोळू लागलं.

वहिनी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "भावजी, मुंगळा कधी पडलेला बघितलाय का? मग त्यालाच विचारा की!"

नातवानं गुळाचा खडा ठेवला. मुंगळे आले. त्यानं मोबाइलवर त्यांची चाल टिपली आणि सावकाश करून पाहिली. मुंगळा डावीकडचा पुढचा, मागचा आणि उजवीकडचा मधला असे तीन पाय उचलतो. तेवढा वेळ उरलेले तीन जमिनीवर. पुढच्या पावलाला उलट. म्हणजे अंगाखाली सदैव एक तिवई! आणि तिवई डगमगत नाही, हे वहिनींना माहीत होतं. पोरानं पुन्हा स्क्रू काढले, पाय बदलले आणि संध्याकाळी यंत्र ओटाभर चाललं.

मोठमोठ्या प्रयोगशाळांचंही गुपित हेच. १९८९ साली अमेरिकेत एमआयटीत रॉडनी ब्रुक्स यांनी सहा पायांचं यंत्र चालवलं. नाव चंगीझखानाचं, चाल किड्याची! २०१६ साली बर्कलेच्या संशोधकांनी झुरळ तीन मिलिमीटरच्या फटीतून कसं निसटतं ते आधी पाहिलं आणि मग दबून चालणारं यंत्र केलं. आधी झुरळ, मग यंत्र. आमच्याकडे आधी खोकं, मग चार्ट, आणि झुरळ चपलेखाली.

सुट्टी संपली. प्रकल्प तपासला गेला. नातवाच्या वहीत मुंगळ्याच्या पायांची तीन पानं चित्रं होती. ती कुणी उलटलीच नाहीत. "रंगीत चार्ट कुठाय?" एवढाच प्रश्न आला आणि पाच गुण गेले. पहिला नंबर आला तो दुकानदारानं जोडून दिलेल्या, डोळ्यांत दिवे लागणाऱ्या कोळ्याचा. कोळ्याला आठ पाय असतात आणि तो कीटक नव्हेच, हे परीक्षकांना कुणी सांगायचं?

यंत्रांशी माझं वैर नाही. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मंजूर होऊ लागलं, याचा मला आनंदच आहे. माझं भांडण आहे ते गुण देण्याच्या रीतीशी. यंत्र चाललं की नाही एवढंच पाहाल, तर पोरं दुकानात जातील. "तू काय पाहिलंस?" असं विचाराल, तर ओट्यावर बसतील. पडलेलं यंत्रसुद्धा चालेल. ते का पडलं हे सांगता आलं पाहिजे. शहरातल्या पोराकडे खोकं आहे, खेड्यातल्या पोराकडे मुंगळा आहे. मुंगळ्याला गुण नाहीत म्हणून ते पोर स्वतःला मागास समजतं, हा तोटा पाच गुणांहून मोठा आहे. तेव्हा गुरुजी, पहिला आठवडा खोकं बंद ठेवा. गुळाच्या खड्याला अनुदान लागत नाही.

काल न्हाणीघरात झुरळ निघालं. मी चप्पल उगारली. नातू ओरडला, "आजोबा, थांबा! पाय बघू द्या ना!"

थांबलो. अर्थात खुर्चीवर.