सुजलेल्या पायाला बसवून ठेवू नका

पुण्यात डॉक्टरकडे कोणत्याही तक्रारीसाठी जा, निघताना एक सल्ला हमखास मिळतो: "रोज चाला." साखर वाढली, चाला. वजन वाढलं, चाला. झोप लागत नाही, चाला. निम्मं शहर सकाळी टेकडीवर असतं आणि उरलेलं निम्मं 'उद्यापासून नक्की' म्हणत असतं. पण एका रुग्णाला मात्र आपण सगळे मिळून उलटा सल्ला देतो. ज्याचा पाय लिम्फेडीमाने सुजला आहे, त्याला. "पाय वर घेऊन बसा. फार चालू नका. जिना टाळा." डॉक्टर हे सांगतात, शेजारीपाजारी हेच सांगतात आणि घरचे प्रेमापोटी त्याची काटेकोर अंमलबजावणी करतात.

हा सल्ला अर्धवट आहे आणि त्याने रुग्णाचं नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः कित्येक वर्षं हाच सल्ला देत आलो, म्हणून हे लिहिणं माझ्यावर बंधनकारकही आहे.

साठीच्या एक काकू माझ्याकडे यायच्या. गर्भाशयाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेली, जांघेतल्या आणि ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी काढलेल्या, नंतर रेडिएशन. दोन वर्षांनी डावा पाय सुजू लागला. शिरेत गुठळी नव्हती, हृदय आणि किडनी ठीक होतं, कर्करोग उलटलेला नव्हता. निदान झालं: लिम्फेडीमा. मी सांगितलं, पाय उंच ठेवा, मीठ कमी करा, फार उभं राहू नका. काकू शिस्तीच्या. आधी मंडई बंद झाली, मग जिना, मग देऊळ. दर तीन महिन्यांनी मी टेपने घोट्याचा आणि पोटरीचा घेर मोजायचो. एकदा घेर दीड सेंटीमीटरने कमी भरला आणि मी खूश झालो. त्याच महिन्यात त्या बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि मनगट मोडलं. मला म्हणाल्या, "डॉक्टर, पाय उचलायला गेले, पण तो उचललाच गेला नाही."

मी पाय मोजत होतो. तो पाय चालतो कसा, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

ही सूज नेहमीच्या सुजेपेक्षा वेगळी

रक्त हृदयाकडून पेशींपर्यंत जातं आणि बरंचसं शिरांमधून परत येतं. पेशींभोवती उरलेला द्रव, त्यातली प्रथिनं आणि जंतूंचे अवशेष लसिकावाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात सोडतात. या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांची स्वतःची हलकी आकुंचनं, आत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा, आजूबाजूच्या स्नायूंची पिळवट आणि श्वासाबरोबर खालीवर होणारा छातीचा पडदा, एवढ्यावर हे काम चालतं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत: स्नायू आणि श्वास.

वाहिन्या किंवा ग्रंथी निकामी झाल्या की प्रथिनयुक्त द्रव तिथेच साचतो आणि हळूहळू कातडी जाड व कडक होते. म्हणूनच लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा या सुजेवर दीर्घकाळ उपयोग होत नाही. पाणी जातं, प्रथिनं मागे राहतात. (मात्र अशी गोळी तुम्हाला रक्तदाब किंवा हृदयासाठी दिली असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका.)

आपल्या राज्यात या रोगाचं दुसरं मोठं कारण म्हणजे हत्तीरोग. घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमधून येणारा हा जंतूंचा आजार विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या आहे. देशात हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ पासून आहे. तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नागपूर होता. आणि २०२७ पर्यंत उच्चाटनाचं उद्दिष्ट आहे. ते व्हायलाच हवं. पण गोळ्यांनी नवे रुग्ण थांबतील, आधीच सुजलेले पाय पूर्ववत होणार नाहीत. कामासाठी विदर्भातून, बिहारमधून, उत्तर प्रदेशातून पुण्यात आलेले असे रुग्ण बांधकामावर, वॉचमनच्या खुर्चीवर आपल्याला रोज दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने या पायांसाठी ठरवलेल्या मूलभूत काळजीत पाच गोष्टी आहेत: धुणं, जखमांची निगा, पाय उंच ठेवणं, योग्य चप्पल आणि व्यायाम. पहिल्या चार सांगितल्या जातात. पाचवी "जमेल तेवढं हलवत राहा" एवढ्यावर संपते.

तोल कुठे जातो?

आपला तोल तीन गोष्टींवर उभा असतो: डोळे, आतला कान आणि पायाच्या तळव्यातून व सांध्यांतून मेंदूकडे जाणारी खबर. लिम्फेडीमात तिसरी गोष्ट बिघडते. जाड कातडीमुळे घोटा पुरेसा वाकत नाही, म्हणून पाऊल टाकताना बोटं जमिनीला घासतात. एक पाय दुसऱ्यापेक्षा काही किलोंनी जड झाला की शरीर एका बाजूला कलतं आणि कंबर, गुडघा भरपाई करत बसतात. कर्करोगाच्या काही औषधांनी किंवा मधुमेहाने तळवे बधिर असतील तर खबरच अर्धी पोचते.

यात आपण आपल्या सल्ल्याची भर घालतो. बसून राहिल्याने मांडीचे आणि पोटरीचे स्नायू बारीक होतात. स्नायू गेले की पिळवट गेली, म्हणजे सूजही वाढते. वर पडण्याची भीती. भीतीने हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून तोल आणखी वाईट. आपण रुग्णाला सुजेपासून वाचवायला निघतो आणि त्याला बाथरूममध्ये पाडतो.

"पण व्यायामाने सूज वाढेल ना?"

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि तो चुकीचा नाही. तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की पाय जड होतो, हे खरं आहे. पण उभं राहणं आणि चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उभ्या पायात स्नायू जवळजवळ गप्प असतात. चालत्या पायात पोटरी प्रत्येक पावलाला वाहिन्या पिळते. त्यावर दाब देणारा मोजा किंवा बँडेज असेल तर स्नायूला पिळायला भिंत मिळते आणि परिणाम वाढतो.

२००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगानंतर हात सुजलेल्या १४१ स्त्रिया त्यात होत्या. तोवर त्यांना "जड उचलू नका" असंच सांगितलं जाई. यातल्या निम्म्या स्त्रियांनी दाबाची बाही घालून, हळूहळू वाढवत, आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. वर्षभराने हाताची सूज वाढल्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं, आणि सूज अचानक बळावण्याचे प्रसंग व्यायाम करणाऱ्या गटात कमी होते. हा अभ्यास हातांचा आहे. पायांवरचे अभ्यास संख्येने कमी आणि लहान आहेत, हे मान्य. पण व्यायामाने सूज वाढतेच, हा समज त्याने खोटा ठरवला. आपल्याकडे केरळात कासारगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ ॲप्लाइड डर्मेटॉलॉजीमध्ये तर हत्तीपायाच्या उपचारात त्वचेची निगा आणि बँडेज यांच्याबरोबर योगासनं आणि श्वसनही शिकवलं जातं.

मग घरी काय करायचं?

आधी एक छोटी चाचणी. खुर्चीतून उठा, ३ मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. घरातल्या कोणीतरी शेजारी थांबून घड्याळ लावावं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजा आणि पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

मोजा किंवा बँडेज घातलेलं असावं, पायात न घसरणारी चप्पल किंवा बूट असावेत आणि खुर्ची भिंतीला टेकलेली असावी. उभ्याच्या व्यायामांसाठी स्वयंपाकघराचा ओटा उत्तम. तो हलत नाही आणि दोन्ही हातांनी धरता येतो.

१. बसून पोटाने ५ खोल, संथ श्वास.

२. बसूनच पाऊल वर-खाली १५ वेळा, मग घोटा दोन्ही बाजूंना गोल फिरवणं.

३. एकेक गुडघा सरळ करून ३ सेकंद धरणं, प्रत्येकी १० वेळा.

४. खुर्चीतून उठणं-बसणं, ५ पासून सुरू करून १० पर्यंत. जमेल तसा हातांचा आधार कमी करा.

५. ओटा धरून टाचा उचलणं, १० वेळा.

६. ओटा धरून एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून १० सेकंद उभं राहणं. सवय झाली की आधार एका हाताचा, मग दोन बोटांचा.

७. चालणं: आधी १० मिनिटं, दिवसातून दोनदा. दर आठवड्याला थोडं वाढवा.

त्यानंतर खुशाल पाय उंच करून पडा. पाय वर ठेवायला माझा विरोध नाही, फक्त दिवसभर तेवढंच करायला आहे.

व्यायामाचा डोस ठरवायची साधी रीत: संध्याकाळी पाय थोडा जड वाटला आणि सकाळी नेहमीसारखा झाला, तर डोस बरोबर. सकाळीही जास्त सुजलेला असेल तर दोन दिवस निम्मं करा, मोजा सैल किंवा जुना झालाय का ते पाहा.

हे होत असेल तर थांबा

पाय लाल, गरम, दुखरा होऊन थंडी-ताप आला, तर तो कातडीचा जंतुसंसर्ग आहे. व्यायाम आणि मोजा दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पोटरी अचानक दुखून सुजली, दम लागला, छातीत दुखलं, तर थेट तातडीच्या विभागात. दोन्ही पाय एकदम सुजले तर हृदय, किडनी, यकृत तपासून घ्या. मधुमेह असेल किंवा चालताना पोटरीत पेटके येत असतील तर दाबाचा मोजा घालण्याआधी पायाच्या रोहिण्या तपासलेल्या हव्यात. आणि पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्यांकडे दुर्लक्ष करू नका. जंतू तिथूनच आत शिरतात. रोज धुऊन, नीट कोरडं करा.

आता माझं भांडण

पहिलं भांडण आम्हा डॉक्टरांशी. गोळी लिहिताना आपण किती, केव्हा, किती दिवस हे लिहितो. व्यायाम मात्र तोंडी, दारातून, "थोडं चालत जा" असा सांगतो. ज्या सल्ल्याला आकडा नाही तो रुग्ण पाळत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. रुग्णाला तपासणीच्या टेबलावर झोपवून पाय मोजण्याआधी त्याला खोलीत चालवून बघायला एक मिनिट लागतं.

दुसरं, हजारो रुपयांचं हवेच्या दाबाचं यंत्र हाच उपाय म्हणून विकणाऱ्यांशी. काही रुग्णांना ते जोड म्हणून उपयोगी पडतं. पण यंत्र चालू असताना माणूस झोपलेला असतो; त्याने स्नायू तयार होत नाहीत आणि तोल सुधारत नाही. तेवढे पैसे असतील तर आधी मापाचा मोजा घ्या, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडे काही बैठका करा आणि बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा.

तिसरं भांडण घरच्यांशी, आणि ते मी हात जोडून करतो. आईला पाण्याचा ग्लास हातात देऊ नका. तिला उठू द्या, तुम्ही बरोबर चाला. आपले पदपथ कसे आहेत हे मला माहीत आहे, बसच्या पायऱ्याही. म्हणून सुरुवात सोसायटीच्या पार्किंगमध्ये करा, टेकडीचं नंतर बघू.

काकूंचं मनगट जुळलं. आता त्या ओट्याशी उभ्या राहून टाचा उचलतात, कुकरच्या शिट्ट्या मोजत. पायाचा घेर जवळजवळ तेवढाच आहे. पण मंडई पुन्हा सुरू झाली आहे आणि त्या त्यानंतर पडलेल्या नाहीत. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की सूज किती आहे हे विचाराच, पण त्यांना आणखी एक सांगा: "मला चालताना बघा. आणि व्यायाम कागदावर लिहून द्या."