वजन उतरवायचे, तर पाणी किती प्यावे?

‘रोज पाच लिटर पाणी प्या, महिन्यात चरबी विरघळून जाईल!’ हा सल्ला सध्या जालना एमआयडीसीत चहाच्या टपरीपासून कारखान्याच्या गेटपर्यंत फुकट वाटला जात आहे. कोणी सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर गरम पाणी पितो, कोणी त्यात मध-लिंबू घालतो, कोणी जिऱ्याचे पाणी करतो. भट्टीवर काम करणाराही हाच सल्ला ऐकतो आणि ऑफिसात खुर्चीवर बसणाराही. दोघांना एकच माप कसे लागू पडेल? ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मान्य करू नये, हे आपण इतर बाबतीत एकमेकांना सांगतो. मग ती पाण्याच्या बाबतीतही तपासली पाहिजे. आम्ही पडलो हिशेबाच्या वहीतले कारकून, तेव्हा हिशेबानेच पाहू.

पहिली गोष्ट, पाण्यात चरबी विरघळत नाही. तेलाचे भांडे नुसत्या पाण्याने धुवून पाहा, घरातल्या कोणत्याही ताई हे सांगतील. शरीरातली चरबी जळते तेव्हा तिचे काय होते, याचा हिशेब ऑस्ट्रेलियातील दोघा शास्त्रज्ञांनी २०१४ साली मांडला. १० किलो चरबी जळाली, तर ८.४ किलो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर जाते आणि १.६ किलोचे पाणी होते. म्हणजे चरबी लघवीवाटे धुऊन जात नाही. ती जाळावी लागते. आणि ती केव्हा जळते? खाण्यातून मिळणाऱ्या उष्मांकांपेक्षा खर्च जास्त होतो तेव्हाच.

‘पाणी गरम करायला शरीराची शक्ती खर्च होते, म्हणून वजन उतरते,’ असेही सांगतात. यात तथ्य किती? माठातले अर्धा लिटर पाणी, म्हणजे साधारण २२ अंशांचे, अंगाच्या ३७ अंशांपर्यंत तापवायला फार तर साडेसात उष्मांक लागतात. पाच लिटर प्यायले तर पंचाहत्तर. एका चमचाभर साखरेत, म्हणजे ५ ग्रॅममध्ये, २० उष्मांक असतात. दोन चमचे साखरेचे दोन कप चहा सोडले की ८० उष्मांक वाचले. पाच लिटर पाणी पोटात रिचवून जे मिळणार, त्यापेक्षा जास्त दोन कप गोड चहा नाकारून मिळते!

मग पाण्याचा उपयोग काहीच नाही का? आहे, आणि खरा आहे. पण तो पाणी कशाच्या जागी आणि केव्हा प्यायले यावर अवलंबून आहे. आमच्यासारखा बैठ्या कामाचा माणूस दिवसात सहा कप चहा सहज घेतो. साहेब आले की एक, ट्रान्सपोर्टवाला आला की एक, आणि जीव कंटाळला की एक. प्रत्येकात दोन चमचे धरले तरी ६० ग्रॅम साखर झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत वरून घालायच्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास सांगितली आहे. सहापैकी चार कपांऐवजी पेलाभर पाणी प्यायले, तर दिवसाला १६० आणि महिन्याला ४८०० उष्मांक वाचतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक. म्हणजे कागदावर महिन्याला अर्ध्या किलोहून थोडे जास्त. प्रत्यक्षात थोडे कमी-जास्त होईल, पण दिशा हीच. आणि याला एक पैसाही खर्च नाही, उलट चहाचे पैसे वाचतात. मध-लिंबूवाल्यांनी मात्र एवढे ध्यानात ठेवावे की एका मोठ्या चमचाभर मधातही साठच्या आसपास उष्मांक असतात.

दुसरा उपयोग जेवणाआधीचा. अमेरिकेत २०१० साली पन्नाशी ओलांडलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांचा आहार मोजका ठेवला होता. त्यातले जे प्रत्येक मुख्य जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायले, त्यांचे वजन बारा आठवड्यांत इतरांपेक्षा सुमारे २ किलो जास्त उतरले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे २०१५ साली ८४ लठ्ठ माणसांवर असाच प्रयोग झाला, तेथे फरक सव्वा किलोच्या आसपास दिसला. तरुणांत हा परिणाम इतका स्पष्ट दिसलेला नाही. पाण्याने पोट थोडे भरते, पानात दुसऱ्यांदा भात कमी पडतो, एवढेच त्यामागचे गुपित. जेवणाच्या अर्धा तास आधी दोन पेले पाणी पिऊन पाहायला हरकत नाही. पण पाणी प्यायले म्हणून भजी माफ होत नाहीत!

आता मूळ प्रश्न, एकूण किती? ‘आठ ग्लास’ हा आकडा पोषण संस्थाही साधारण मानाने सांगते. परंतु तो अंदाज आहे, कायद्याचे कलम नव्हे. अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने १९४५ साली अडीच लिटरचा आकडा दिला, तेव्हा लगेच पुढे असेही लिहिले होते की यातले बहुतेक पाणी अन्नातूनच मिळते. लोकांनी आकडा घेतला, पुढचे वाक्य सोडून दिले. आपले वरण, पातळ भाजी, ताक, चहा, हे सगळे पाणीच आहे. बैठे काम करणाऱ्या निरोगी माणसाने तहान लागेल तसे प्यावे, दिवसाकाठी दोन लिटरच्या आसपास, उन्हाळ्यात त्याहून जास्त. लघवी फिकट पिवळी असली की पुरेसे झाले, गडद झाली की कमी पडले, ही खूण कोणालाही समजते.

रोलिंग मिलच्या भट्टीवर उभ्या असणाऱ्या आपल्या बांधवांचा हिशेब मात्र अगदी वेगळा आहे. लालबुंद सळईसमोर आठ तास घाम गाळून काट्यावर उभे राहिले, तर वजन दीड-दोन किलोने कमी दिसू शकते. ती चरबी नव्हे, ते अंगातले पाणी आहे. ते भरून काढलेच पाहिजे. ‘घाम निघतो आहे, वजन उतरते आहे, पाणी कमी पितो,’ असे म्हणणारा तरुण चक्कर, पेटके आणि उष्माघाताला आमंत्रण देतो. उष्णतेच्या कामासाठी अमेरिकेतील कामगार सुरक्षा खात्याचा सल्ला असा की दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, मात्र तासाला सुमारे १.४ लिटरच्या वर जाऊ नये. सोबत डब्यातली भाजी-भाकरी आणि ताक हवे, कारण घामातून मीठही जाते.

जास्त पाण्याचाही धोका आहे. आपली मूत्रपिंडे तासाला साधारण एक लिटरपर्यंत पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून भराभर प्यायले तर रक्तातले मीठ पातळ होते आणि मेंदूला सूज येते. २००७ साली अमेरिकेत सॅक्रामेंटो येथे एका रेडिओ केंद्राने पाणी पिण्याची स्पर्धा लावली. त्यात भाग घेतलेली २८ वर्षांची, तीन मुलांची आई त्याच दिवशी दगावली. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापाबाहेर जाऊच नये.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कोणी सांगितले, ‘भाऊ, मला सारखी तहान लागते, खूप पाणी पितो, रात्री चार वेळा उठतो, आणि वजनही छान उतरले,’ तर त्याचे अभिनंदन करू नका. त्याला धरून सरकारी दवाखान्यात न्या आणि रक्तातील साखर तपासा. ही मधुमेहाची लक्षणे आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि वजनात घट असेल, तर थुंकीची तपासणी करा. काही न करता उतरलेले वजन ही आनंदाची नव्हे, चौकशीची बाब आहे.

शेवटी, पाणी प्या म्हणणे सोपे आहे. पण प्यायला पाणी आणि नंतर जायला जागा आहे का? जालना हे दुष्काळ सोसलेले शहर आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात येथील माणसे टँकरमागे धावली आहेत. बियाणे निवडायला जाणाऱ्या किती तरी आया-बहिणी दिवसभर पाणी पीतच नाहीत, कारण संडास दूर असतो, घाण असतो किंवा त्याला कुलूप असते. त्यातून लघवीची आग आणि मुतखडा पदरी पडतो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १८ ने पिण्याच्या पाण्याची जागा कामगारांना समजेल अशा भाषेत दाखवलेली असावी, आणि अडीचशेहून जास्त कामगार असतील तेथे उन्हाळ्यात पाणी थंड करण्याची सोय असावी, असे सांगितले होते. आता कामगार कायदे नव्या संहितांत एकत्र आले असले, तरी स्वच्छ पाणी पुरवण्याची मालकाची जबाबदारी संपलेली नाही. युनियनच्या, बचत गटाच्या बैठकीत पगाराबरोबर हेही दोन मुद्दे मांडा : पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ, उघडा संडास.

तेव्हा बंधू-भगिनींनो, वजन उतरवायचे असेल तर पाणी जरूर प्या, पण गोड चहाच्या जागी प्या, जेवणाआधी प्या, तहानेनुसार आणि कामानुसार प्या. बाकीचे काम ताटाने आणि पायांनी करायचे आहे. स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षाऐवजी चालत जा, पानात भात थोडा कमी व भाजी थोडी जास्त घ्या, आणि शेजाऱ्यालाही हा हिशेब समजावून सांगा.