झाडाच्या पायाखालचे कामगार

आमच्या परळच्या चाळीसमोर एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. आम्ही लहान असताना रात्रपाळी करून आलेले गिरणी कामगार दुपारी त्याच्या सावलीत बाज टाकून झोपत. पावसाळ्यात मात्र बुंध्याभोवती चिखल व्हायचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पाय घसरायचे. म्हणून काही वर्षांपूर्वी आम्हीच पुढाकार घेतला, घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या आणि गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. खाली सिमेंटचा कोबा, वर ब्लॉक, अगदी बुंध्याला चिकटून! गल्ली स्वच्छ झाली. मंडळाने आमचा सत्कारही केला.

चार-पाच वर्षांत झाड विरळ दिसू लागले. शेंड्याच्या फांद्या वाळल्या. एका जुलैत मोठी फांदी मोडून हातगाडीवर पडली. जवळ माणूस नव्हता म्हणून निभावले. आम्ही म्हटले, "कीड लागली असेल." तेव्हा गावाहून आलेले आमचे काका बुंध्याकडे बघून म्हणाले, "अरे, कीड असेल-नसेल. पण याचा जीव तुम्ही कोंडलात. माती जिती राहिली तर झाड जगेल ना!"

काकांचे शिक्षण चौथीपर्यंत, आमचे बी. कॉम. पण बंधू-भगिनींनो, बरोबर काकाच होते.

मुळे पाणी आणि क्षार शोषून घेतात, एवढे आपण शाळेत शिकलो. पण मुळे एकटी राबत नाहीत. 1885 साली फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने मुळे आणि बुरशी यांच्या सहवासाला 'मायकोरायझा' असे नाव दिले. बुरशी म्हटली की आपल्याला शिळी भाकरी आठवते. ही बुरशी निराळी. ती मुळांत घर करते आणि केसाहून बारीक तंतू मातीत दूरवर पसरते. जिथे मूळ शिरू शकत नाही तिथून ती स्फुरद आणि पाणी आणून झाडाला देते. त्या बदल्यात झाड पानांत तयार केलेली साखर तिला देते. जमिनीवरच्या दहापैकी आठ जातींच्या वनस्पतींचा असा व्यवहार चालतो. आम्ही कारकून माणूस. आम्हाला हा जमाखर्च फार चोख वाटला.

दुसरे कामगार म्हणजे जिवाणू. कोकणात भात कापल्यावर वाल, कुळीथ पेरतात. वालाचे रोप उपटून बघा, मुळांवर बारीक गाठी दिसतील. हवेत 78 टक्के नत्र आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. गाठीतले रायझोबियम जिवाणू तो झाडाला लागेल अशा रूपात आणून देतात. हेलरिगेल आणि विलफार्थ या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी 1888 साली हे सिद्ध केले. गाठ फोडल्यावर आत गुलाबी दिसली तर समजावे, काम चालू आहे. आमचा पर्जन्यवृक्षही शेंगा धरणारा, वालाच्याच कुळातला. त्याच्या मुळांवरही अशा गाठी धरतात.

तिसरे कामगार म्हणजे पाचोळा कुजवून त्याचे खत करणारे. आपण रोज सकाळी पाने झाडून कचऱ्याच्या गाडीत टाकतो, म्हणजे त्यांच्या तोंडचा घासच काढून घेतो.

या साऱ्यांना हवा, ओल आणि पाचोळा लागतो. कोबा घातला की हवा बंद, पाणी थेट गटारात, आणि पान मातीला शिवत नाही. मुळे गुदमरून मरतात. मग मेलेल्या मुळांतून लाकूड कुजवणारी दुसरी बुरशी शिरते आणि झाड आतून पोकळ होते. साऱ्याच बुरश्या झाडाच्या मित्र नव्हेत!

2013 साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आदेश दिल्लीचा, पण आम्ही त्याचा दाखला देऊन पालिकेच्या उद्यान खात्याला अर्ज लिहिला आणि पूर्वी ज्या दारांत सह्या मागितल्या त्याच दारांत पुन्हा गेलो. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी विचारले, "आणि चिखल झाला, मी पडले, तर?" प्रश्न खरा होता. म्हणून ब्लॉक फक्त बुंध्याभोवतीचे काढायचे, कडेला विटांची ओळ लावायची आणि आत पाचोळ्याचा थर द्यायचा, असे ठरले. पाचोळा असला की माती उडत नाही, चिखलही कमी होतो. तो बुंध्याला टेकवून मात्र रचू नये, आणि खणताना मुळे तोडू नयेत.

आता दोन पावसाळे झाले. खालच्या फांद्यांना नवी पालवी आहे, शेंडा अजून सुकाच आहे. झाड वाचेल की नाही, हे आज सांगता येत नाही.

ज्यांच्या दारात झाड नाही त्यांनी गॅलरीतल्या डब्याकडे बघावे. कढीपत्ता पिवळा पडला की चिमूटभर युरिया टाकण्याची घाई नको. डब्याला खाली भोके आहेत ना, माती दगडासारखी घट्ट झाली नाही ना, हे आधी पाहावे. थोडे कुजलेले शेणखत किंवा पाचोळ्याचे खत मिसळावे. आणि गल्लीत कोणी आमच्यासारखा सह्यांचा कागद घेऊन आला, तर सही जरूर करा. फक्त त्याला एक विचारा, "बुंध्याभोवती जागा किती सोडणार?"