नवी मुंबई एवढी काही नवी नाही!

मंडळी, आमच्याकडे येणारा पाहुणा एक वाक्य हमखास ऐकवतो, "नवी मुंबईत बघण्यासारखं काय आहे? सगळं कालपरवाचं." १९७० साली सिडको स्थापन झाली आणि त्या दिवशीच इथली जमीन समुद्रातून वर आली, असा एकूण सूर! हाच पाहुणा रोमच्या पडक्या खांबांचे फोटो मात्र तासभर दाखवतो.

रोम बघू नका असं मी म्हणत नाही. जरूर बघा. पण आपल्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या घारापुरीचं काय? तिथे आपण लेणी बघतो, माकडांपासून पिशवी सांभाळतो आणि शेवटची लाँच पकडतो. याच बेटावर रोमन अँफोरांचे तुकडे सापडले आहेत. अँफोरा म्हणजे दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे मातीचे मोठे कुंभ. भूमध्य समुद्राकडची दारू आणि ऑलिव्हचं तेल त्यात भरून जहाजाने यायचं. आज न्हावा-शेवा बंदरात कंटेनर उतरतात ना, तसंच!

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आपलं कल्याणही आहे. तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं तो खलाशांना बजावतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही या टापूत बंदरावरून राजकारण चालायचंच. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात, १९४०च्या दशकात, पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. समुद्राचा देव घाट चढून पंचगंगेकाठी पोचला होता! कोकणातल्या बंदरांतून देशावर माल कसा जात होता, याचा याहून बोलका पुरावा काय हवा?

"पण बघायला काय आहे? खापरंच ना?" हा पुढचा प्रश्न. इथेच आपलं चुकतं. आपल्याला अवशेष म्हणजे कमानी आणि खांबच हवेत. इथे रोमन लोकांनी शहर वसवलं नव्हतं, व्यापार केला होता. व्यापाराचे अवशेष खापरांतच असतात. आणि खापर बोलतं ते जागेवर, आपल्या थरात असेल तरच. एकदा जेसीबीने उचलून भरावात टाकलं की ते मुकं झालं.

म्हणून मला काळजी वाटते. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटनही झालं. विमानतळ नको, असा माझा हट्ट नाही. पण ९५ गावांची जमीन घेऊन उभ्या राहिलेल्या शहरात पुढचा खड्डा खणण्याआधी कुणीतरी जाणकार माणूस तिथून पायी फिरायला नको का? खाडीकाठची जुनी बंदरं, गावठाणं, देवळांमागचे झिजलेले दगड यांची साधी यादी करायला काय कोटी-कोटी लागतात?

आणि तोवर आपण काय करायचं? बेलापूरचा किल्ला सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज अशा चार सत्ता बघून पडका उभा आहे. निदान तो तरी मुलांना दाखवा. गावातल्या आगरी-कोळी म्हाताऱ्यांना विचारा, पूर्वी होड्या कुठे लागायच्या. ते सांगतील. आपण विचारत नाही, एवढंच.