दालनें उरलीं, घर गेलें

लंडनमधील बर्कले चौकांतील लॅन्सडाउन हाउसची जी गत झाली, तिला 'कलेचें रक्षण' म्हणण्याची चाल पडली आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. १८८८ ते १८९४ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॅन्सडाउन ज्या घराण्यांतले, त्याच घराण्याचें हें निवासस्थान. रॉबर्ट ॲडम यानें तें १७६२ च्या सुमारास लॉर्ड ब्यूट यांच्यासाठीं आरंभिलें व लॉर्ड शेलबर्न यांच्यासाठीं पुरें केलें. १९३० नंतर नवा रस्ता काढण्यासाठीं घराचा पुढचा भाग पाडण्यांत आला. दर्शनी भिंत मागें नेऊन पुन्हां रचली. दिवाणखाना फिलाडेल्फियाच्या संग्रहालयांत गेला आणि भोजनगृह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत.

कित्येकांचें म्हणणें असें कीं, डेव्हनशर हाउस १९२४ सालीं समूळ नाहींसें झालें. त्या मानानें येथें दोन दालनें वांचलीं, हें काय थोडें? शिवाय शेलबर्न पंतप्रधान असतांना १७८२ सालीं अमेरिकेशीं तहाचा मसुदा झाला. तेव्हां त्यांचा दिवाणखाना अमेरिकेंत जाणें योग्यच! योगायोग रम्य खरा. पण योगायोग म्हणजे वास्तुकला नव्हे.

ॲडमची करामत केवळ छतावरील नक्षींत नव्हती. एका आकाराच्या दालनांतून निराळ्या आकाराच्या दालनांत पाहुण्यास नेणारा जो क्रम, त्यांत ती होती. हा क्रम पेट्यांत भरून जहाजावर चढवितां येत नाहीं. भोजनगृहाच्या भिंतींतील कोनाडेच पाहा. ते प्राचीन संगमरवरी पुतळ्यांसाठीं केलेले. १९३० सालीं पुतळ्यांचा लिलांव झाला, आणि आज त्या कोनाड्यांत बहुतेक प्लास्टरच्या प्रतिकृती उभ्या आहेत. मूळच्या संग्रहांतील हेराक्लीझ कॅलिफोर्नियांत गेटी संग्रहालयांत आहे. दालन एका टोकास, मूर्ति दुसऱ्या टोकास. यास रक्षण म्हणावें कीं वांटणी?

संग्रहालयांवर आमचा राग नाहीं. त्यांनीं घेतलें नसतें तर तेंही गेलें असतें. आमचा आक्षेप आहे तो त्यामुळें मिळणाऱ्या खोट्या समाधानास. चार कोरीव तुकडे कोठेंतरी जपले जातील, एवढी खात्री असली म्हणजे पाडणाऱ्याचा हात कचरत नाहीं आणि पाहणाऱ्याचें मनही खात नाहीं. अशा पाडापाडीनें अस्वस्थ झालेल्या इंग्रजांनीं १९३७ सालीं जॉर्जियन ग्रूप स्थापिला, तो घरें जागच्या जागीं राखण्यासाठीं. तोच खरा मार्ग. दागिने उतरवून पेटींत ठेवले, म्हणून माणूस वांचला असें कोणी म्हणत नाहीं.